आधी नाव, मग हात

परतूरच्या शाळेत माझी पहिली नेमणूक झाली आणि स्टेशनच्या मागच्या बाजूला एका घरात खोली मिळाली. मी सामान घेऊन पोचले तेव्हा ओट्यावर एक गाडीवान निखळलेला हात छातीशी धरून विव्हळत बसला होता. त्याच्यासमोर घरमालक उभे होते, पांढरी दाढी, चौकड्यांची लुंगी आणि दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. ते त्याला म्हणत होते, "आधी नाव सांग." गाडीवानाने नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आडनाव, गाव, तालुका सगळं सांगितलं. घरमालक हलले नाहीत. "तुझं न्हाई, याचं," असं म्हणून त्यांनी हनुवटीने त्याच्या हाताकडे खूण केली. तो बिचारा घाबरून "कोपर" म्हणाला. तेव्हा कुठे यांचे हात पुढे आले. "कोपर, लावू का हात?" असं त्या कोपरालाच विचारलं आणि गाडीवान उत्तर शोधतोय तोवर हाड जागेवर गेलंसुद्धा. मी टेम्पोवाल्याला म्हटलं, सामान जरा दमाने उतरवा, इथे राहायचं की नाही ते मला ठरवू द्या.

राहिले. चांगली अकरा वर्षं राहिले.

सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं, मीही म्हणू लागले. हाडं बसवणं हे त्यांच्या वडिलांपासूनचं काम. औषध म्हणाल तर बांबूच्या कामट्या, अंड्यातलं पांढरं आणि जुन्या लुगड्याच्या पट्ट्या. पण त्याआधी तो एक नेम होता. ज्या अवयवाला हात लावायचा त्याचं नाव घ्यायचं, आणि तेही दुखणाऱ्या माणसाच्या आईच्या बोलीत. त्यांचं म्हणणं असं, की हाड आईच्या हाताखाली वाढलेलं असतं, त्याला परक्या भाषेत हाक मारली तर ते दचकतं, आणि दचकलेलं हाड बसत नाही. त्यासाठी त्यांनी मराठी आणि घरची दखनी सोडून लमाणी, तेलुगू, मारवाडी एवढ्या बोलींमधली अंगाची नावं गोळा केली होती. या भाषांमध्ये त्यांना पाणी मागता आलं नसतं, पण टाच, घोटा, बरगडी बिनचूक यायची.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला गाठलं आणि गुडघ्याला बोट दाखवून विचारलं, याला काय म्हणता. मी नुकतीच डी.एड. होऊन आलेली, शुद्ध बोलण्याची मोठी हौस. म्हटलं, गुडघा.

"ते शाळेतलं झालं," चाचा म्हणाले. "आईचं सांगा."

मी चिपळूणकडची. ते कोकणी शब्द मी कॉलेजात असतानाच पेटीत घालून ठेवले होते. जरा लाजतच म्हणाले, ढोपर. चाचांचा चेहरा असा खुलला की जणू मी त्यांना पेढा दिला. "ढोपर, ढोपर" करत ते आत चाचींना सांगायला गेले.

माणसं त्यांच्या लक्षात हाडांवरून असायची. स्टेशनमास्तरांची ओळख त्यांनी मला "हे डावा खांदा" अशी करून दिली होती. रस्त्यात कुणी भेटलं की तुम्ही कसे आहात असं विचारायचे नाहीत, "उजवा घोटा काय म्हणतो?" असं विचारायचे आणि उत्तराची खरोखर वाट बघायचे. कुणी न विचारता अंगाला हात लावला की त्यांचं डोकं फिरे. न्हाव्याशी त्यांचं यावरूनच वाजलं होतं, कारण तो बोलत बोलत सरळ मुंडी धरून फिरवायचा. तीन महिने चाचांनी दाढी त्याच्याकडे कोरून घेतली नाही. शेवटी न्हावी नमला. मग दुकानात सगळे टवाळखोर कान देऊन बसायचे आणि न्हावी दर वेळी दात-ओठ खात म्हणायचा, "चाचा, हनुवटी. चाचा, आता मान."

माझ्याही वाट्याला आलं. शाळेच्या फाटकापाशी मी एका पोराचा कान पिरगाळत होते आणि चाचा तिथून चालले होते. थांबून शांतपणे म्हणाले, कान धरला तो बराबर हाये बाई, पण त्याला इचारलं का? मला असा राग आला की आठ दिवस बोलले नाही. पण त्यानंतर कुणाचा कान धरायला गेले की तोंडात आधी "कान" हा शब्द यायचा, तो आला की हसू यायचं, आणि हसणाऱ्या बाईला कोण भीक घालणार? माझा वचक त्या माणसाने घालवला.

बायामाणसं आली की पद्धत वेगळी. आतल्या खोलीच्या दारात पडदा होता. पडद्याआड चाची बसत, बाहेर चाचा पाठ करून. नाव चाचा विचारायचे, हात चाची लावायच्या. "आंगठा दाबा, हाडाचं टोक लागतंय का, आता वर घ्या," असं ते भिंतीकडे बघत सांगत आणि आत चाचींच्या हाताखाली हाड बसे. परक्या बाईला त्यांनी कधी बोटही लावलं नाही. "नाव घेतलं म्हंजे अर्धा हात लावला," असं ते म्हणत, "आपल्याला अर्धाच बस हाये."

या घरात एके दिवशी सिस्टर आल्या.

मंठ्याच्या रस्त्यावर परदेशी नन्सनी काढलेला एक लहानसा दवाखाना होता. तिथल्या या सिस्टर मूळच्या स्पेनच्या. तरुणपणी आल्या त्या इथल्याच झाल्या होत्या. साठी उलटलेली, जाड भिंगांचा चष्मा, आणि मराठी अशी की सगळ्या दुनियेला "तू" म्हणायच्या, कलेक्टर आला तरी "तू बस". मोपेड घसरून त्यांचं मनगट मोडलं होतं. जालन्याला नेईपर्यंत कळ सोसवेना म्हणून कुणीतरी त्यांना आमच्या ओट्यावर आणलं. चाचींनी त्यांना पडद्याआड घेतलं. मी शेजारी पंखा घेऊन बसले.

बाहेरून चाचांनी नाव विचारलं. सिस्टर म्हणाल्या, मनगट. बाहेरून आवाज आला, ते आमच्याकडचं झालं, तुमच्या आईनं काय शिकवलं? सिस्टरांच्या कपाळावर घाम साचला होता. त्या चिडून म्हणाल्या, "तू आधी बांध. मग शिक." बाहेरून पुन्हा तोच प्रश्न आला. मला तर उठून त्या म्हाताऱ्याला गदागदा हलवावंसं वाटलं. चाची मात्र हात मांडीवर ठेवून निवांत बसून होत्या, त्यांना नवरा ठाऊक होता.

शेवटी सिस्टर हळूच म्हणाल्या, "मुन्येका."

चाचांनी तो शब्द तीनदा घोकला. मग पडद्यापलीकडून विचारलं, "मुन्येका, लावू का हात?" आणि चाचींनी हात लावला. सिस्टर ओरडल्या नाहीत. रडल्या मात्र, आणि रडता रडता हसल्या. मला म्हणाल्या, आई गेल्यापासून या मनगटाला या नावाने कुणी बोलावलं नव्हतं. कामट्या बांधून होईपर्यंत त्या तो शब्द स्वतःशीच म्हणत राहिल्या.

पट्टी सोडायचा दिवस होऊन गेला तरी त्या येत राहिल्या. दर गुरुवारी औषधांची पार्सलं घ्यायला त्या स्टेशनवर यायच्या, तेव्हा ओट्यावर चहाला थांबत. बोलणं एकाच विषयावर. त्या एक शब्द देणार, चाचा एक देणार. दवाखान्यात त्या "उदर" नि "अस्थी" शिकल्या होत्या, चाचांनी त्यांना पोटरी, करंगळी, पापणी असे वापरातले शब्द दिले. गावात थोडी कुजबुज झाली. मीही एकदा चाचींना चिडवलं, तर त्या चहा गाळता गाळता म्हणाल्या, "बोलू द्या की. दोघं हाडाचंच बोलून राह्यलेत." पण सिस्टरांसाठी कपबशी त्या कपाटातली काढायच्या, हे मी पाहिलं होतं.

चाचांना रोमन लिपी येत नव्हती, आणि हे शब्द उर्दूत लिहिले की वाचताना वाकडे होतात अशी त्यांची तक्रार होती. म्हणून त्यांनी ते वुजूच्या क्रमाने लावले, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुतात त्या क्रमाने. खऱ्या वुजूच्या वेळी ते एक अक्षर बोलत नसत, ते वेगळं. पण संध्याकाळी कामाचे हात धुवायला रांजणापाशी बसले की पाण्याबरोबर सुरू व्हायचं. मानो म्हणजे हात, मग देदो म्हणजे बोट, मग मुन्येका. बोका, तोंड. नारिथ, नाक. कारा, चेहरा. कोदो, कोपर. काबेथा, डोकं. ओरेहा, कान. शेवटी पिए आणि तोबीयो, पाऊल आणि घोटा. घोट्यावर पाणी ओतलं की पाठ संपला. मधला एखादा शब्द विचारला तर त्यांना सांगता यायचा नाही. कान काय म्हणून विचारलं की "मानो"पासून धावत यावं लागे, आणि मध्ये कुणी टोकलं तर परत पहिल्यापासून. "दुएले" म्हणजे दुखतं का, हेही ते शिकले होते. म्हणाले, हे सोपं हाये बाई, आपल्या दुखलंच्या गल्लीतच राहतंय.

एका सुट्टीत औरंगाबादला रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत मला स्पॅनिश शिकवणारं एक चित्रांचं पुस्तक मिळालं. एका पानावर माणूस काढलेला, सगळ्या अंगाला बाण आणि बाणांच्या टोकाला नावं. मी मोठ्या ऐटीत ते चाचांपुढे ठेवलं. चित्रातला माणूस चड्डीवर होता. चाचांनी ते बघितलं आणि पुस्तक मिटून माझ्याकडे सारलं. मी म्हटलं, अहो, पाठ आहे, छाती आहे, कंबर आहे, तुमच्या यादीत यातलं काहीच नाही. ते म्हणाले, "न्हाईच पायजे. ज्या जागेला आपला हात जाणार न्हाई तिचं नाव आपल्याला कशाला? ते तुमच्यापाशी राहू द्या."

माझ्यापाशी राहिलं. मास्तरणीच्या हातात पान आलं की पाठ झाल्याशिवाय सुटत नाही. एस्पाल्दा, पेचो, कादेरा, असं मी उगाच घोकून ठेवलं, पुढे कधी लागेल असं काही मनात नव्हतं.

काही वर्षांनी सिस्टरांना मेंदूचा झटका आला. त्यातून त्या उठल्या, पण उठल्या तेव्हा त्यांची मराठी गेली होती. इंग्रजी गेली होती. इतक्या वर्षांचं सगळं पुसून फक्त लहानपणची भाषा उरली होती. दवाखान्यात दुसऱ्या दोघी सिस्टर होत्या त्या केरळच्या, त्यांना स्पॅनिशचा गंध नव्हता. दोन-तीन महिने कसेबसे गेले आणि एक दिवस दुपारी त्यांची जीप आमच्या दारात येऊन थांबली. सिस्टर न्हाणीघरात पडल्या होत्या. कुठे लागलंय कळत नव्हतं, कुणाला अंगाला हात लावू देत नव्हत्या, जवळ गेलं की ओरडत. जालन्याहून आलेल्या डॉक्टरांनाही त्यांनी ढकललं होतं. चाचांनी टोपी घातली, चाचींकडे बघितलं, मग माझ्याकडे. आम्ही तिघं निघालो. जीपमध्ये चाचा बोटांवर पाणी ओतल्यासारखं करत मनातल्या मनात पाठ म्हणत होते.

खाटेभोवती पडदा लावला होता. चाची आणि मी आत गेलो. सिस्टर एवढ्याशा झाल्या होत्या. चष्मा नव्हता, आम्हाला त्यांनी ओळखलं नाही, चाची पुढे झाल्या तशा त्या अंग चोरून घेऊ लागल्या. मग बाहेरून आवाज आला.

"मानो? दुएले?"

सिस्टरांनी अंग चोरायचं थांबवलं. डोळे आवाजाच्या दिशेने वळले. मग अगदी शहाण्या मुलीसारखं उत्तर दिलं, "नो."

"देदो?" नो. "मुन्येका?" नो. चाचा एकेक पायरी उतरत चालले होते, सावकाश, प्रत्येक नावानंतर थांबत. तोंड, नाक, चेहरा, कोपर, डोकं, कान. नो, नो, नो. पाऊल. नो. "तोबीयो?" चाचांनी विचारलं आणि त्यांच्या आवाजातच मला कळलं की यादी संपली आहे. सिस्टरांनी मान हलवली. त्या वाट बघत होत्या, पुढचं नाव येईल म्हणून. पुढचं नाव चाचांजवळ नव्हतं. पडद्याखालून त्यांच्या चपला दिसत होत्या, त्या हलल्या, एकमेकीवर चढल्या. इतका हतबल मी तो माणूस कधी पाहिला नव्हता.

मग मी बोलले. माझा आवाज चमत्कारिक आला. एस्पाल्दा? नो. पेचो? नो. "कादेरा?"

"सी," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "सी, सी. कादेरा."

मी पडद्याबाहेर तोंड काढून सांगितलं, मांडीच्या वरचं, कमरेचं हाड. चाचा खाली बघत होते. हात पाठीमागे बांधलेले. नाव मी घेतलं होतं, तेवढ्यावर भागलं असतं, चाचींचा हात तयारच होता. पण काम त्यांचं होतं आणि नेम त्यांचा होता. अतिशय हलक्या आवाजात, एकदाच, ते म्हणाले, "कादेरा, लावू का हात?"

सिस्टरांनी डोळे मिटून घेतले. चाचींनी हात ठेवला, दाबून बघितलं, आणि बाहेर काय ते सांगितलं. चाचा डॉक्टरांकडे वळून म्हणाले, हे हाड तुटलंय, हे माझ्या हातचं न्हाई, जल्दी औरंगाबादला न्या. आता सिस्टर कुणालाच ढकलत नव्हत्या. डॉक्टरांनी सुई दिली तीही घेतली.

गाडीत चढवताना पडदा नव्हता. स्ट्रेचर आमच्यापुढून चाललं होतं आणि चाचा सवयीने पाठ करून उभे राहिले होते. सिस्टरांनी त्यांची टोपी बघितली असावी. त्यांनी चादरीतून हात बाहेर काढला, तोच हात, आणि म्हणाल्या, "मनगट."

मराठीतला एवढा एकच शब्द त्यांच्यापाशी उरला होता. चाचा वळले. चाचींकडे बघितलं. चाची म्हणाल्या, "बघा की. तुमीच बशिवलंय."

त्यांनी दोन बोटं त्या मनगटावर ठेवली. जिथे मोडलं होतं तिथून हाडावरून अलगद फिरवली. पडद्याआडचं काम आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतःच्या हाताने तपासत होते. इतकी वर्षं नुसतं विचारत आले होते, कसं बसलंय म्हणून. "बराबर बसलंय," ते म्हणाले आणि हात काढून घेतला.

सिस्टर परत आल्या नाहीत. औरंगाबादहून मुंबई आणि तिथून त्यांच्या देशात त्यांना नेलं, एवढं कळलं. गुरुवारी चाचा ओट्यावर बसत, चहा पीत, आणि कपाटातली कपबशी कपाटातच राही. संध्याकाळी रांजणापाशी पाठ चालूच होता. फक्त घोट्यावर पाणी ओतून झालं तरी ते उठत नसत. रिकामा तांब्या हातात धरून थोडा वेळ तसेच बसत, आणि मग उठत.

पुढे माझी बदली माझ्या जिल्ह्यात झाली. निघताना चाचांनी माझ्या ढोपराची चौकशी केली, ते ठणठणीत होतं. पत्र टाकीन असं मी म्हणाले, दोन-चार टाकलीही. मग चाचा गेल्याचं कार्ड आलं, तेही उशिरा. सुट्टी नाही, गाडी नाही, अशी कारणं मी स्वतःला सांगत राहिले आणि गेले नाही. हे मला अजून लागतं. आता वयाप्रमाणे डॉक्टरांकडे जाणं होतं. तिथे पोरगेले डॉक्टर येतात, न विचारता पाय धरतात, वाकवतात, मोबाइलवर बोलत बोलत सोडून देतात. काही चुकीचं करत नाहीत. पण टेबलावर पडल्या पडल्या मला त्या ओट्याची इतकी आठवण येते की दुखणं कुठलं ते मी विसरते.

अखेर एका दिवाळीच्या सुट्टीत गेले. चाची एकट्याच होत्या. दृष्टी मंदावली होती, मला आवाजावरून ओळखलं. खूप बोललो. उन्हं उतरली तशा त्या उठल्या, रांजणापाशी बसल्या, हातावर पाणी घेतलं आणि म्हणाल्या, "मानो. देदो. मुन्येका."

मी ऐकतच राहिले. या बाईने कधी एक शब्द विचारला नव्हता, पुस्तक उघडलं नव्हतं. सगळं क्रमाने, न अडखळता, घोट्यापर्यंत आलं. आणि घोट्यावर पाणी ओतून त्या थांबल्या, रिकामा तांब्या धरून, जेवढा वेळ ते थांबायचे तेवढाच वेळ.

मी विचारलं, पुढचं म्हणत नाही का तुम्ही, कादेरा?

"न्हाई," चाची म्हणाल्या. "ते त्यांचं हाये."

त्यांना हात द्यायला मी ओट्यावरून उठायला गेले आणि तोंडातून 'आई गं' निघालं. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही हो, गुडघा. चाची माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. ओले हात पदराला पुसले आणि दोन्ही पाठीमागे बांधले.

"शाळेतलं न्हाई," त्या म्हणाल्या.

माझी आई जाऊन सहा वर्षं झाली होती. तो शब्द माझ्या घरात आता कुणी बोलत नाही. मी म्हणाले, "ढोपर."

"ढोपर, लावू का हात?"

त्यांनी ढोपराला विचारलं होतं, मला नाही. हो मात्र मीच म्हणाले.